विषय: मखराची रोषणाई आणि वाय-फाय नियंत्रक

प्रेषक: सजावट समिती

सर्व सभासदांस सस्नेह नमस्कार.

यंदाचे मखर पुठ्ठा, बांबू आणि कापड यांचे करायचे ठरले आहे. कमान, दोन खांब आणि मागची प्रभावळ मिळून सुमारे पाच मीटर दिव्यांची पट्टी लागेल. गेल्या वर्षीच्या पट्ट्या शिल्लक आहेत. परंतु त्यांचे रिमोट एकसारखे असल्यामुळे एकीचा रंग बदलायला गेले की बाकीच्यांचाही बदलतो, आणि आरतीच्या वेळी कोणाला तरी मखराकडे रिमोट रोखून उभे राहावे लागते. हे सारे फोनवरून एकत्र चालवता येईल काय, सभागृहाचे वाय-फाय त्यास पुरेल काय आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागेल काय, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

प्रेषक: एक सभासद

सजावट समितीस नमस्कार.

१८९१ साली फिलिप्सची स्थापना झाली त्या नेदरलँड्समधील आइंडहोवनमध्ये राहून आपले मखर रिमोटपायी अडून राहावे, हे काही बरे नव्हे. प्रोग्रॅमिंगची अजिबात गरज नाही. ईएसपी३२ नावाचा वाय-फाय असलेला छोटा बोर्ड घ्यावा, तो यूएसबीने संगणकाला जोडावा आणि ब्राउझरमधूनच त्यावर डब्ल्यूएलईडी हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चढवावे. त्यात शंभराहून अधिक इफेक्ट, म्हणजे रंग आणि हालचालींचे नमुने, तयार मिळतात.

जुन्या पट्ट्या मात्र या कामाच्या नाहीत, कारण त्यांतील सगळे दिवे एकाच वेळी एकच रंग दाखवतात. आपल्याला डब्ल्यूएस२८१२बी जातीची, पाच व्होल्टवर चालणारी पट्टी लागेल. तिला वीज, डेटा आणि ग्राउंड (विजेची परतीची तार) अशा तीनच जोडण्या असतात. डेटाच्या तारेतून येणाऱ्या माहितीतले स्वतःच्या वाट्याचे २४ बिट पहिला दिवा काढून घेतो आणि उरलेली माहिती, प्रसादाचे ताट हातोहात पुढे जावे तशी, पुढच्या दिव्याकडे सरकवतो. म्हणूनच पट्टीवर छापलेल्या बाणाची दिशा पाहून जोडणी करावी लागते, आणि मधला एक दिवा बिघडला तर त्यापुढची सारी पट्टी बंद पडते. अशा वेळी तेवढा दिवा कापून दोन टोके डाग देऊन (सोल्डर करून) जोडावीत. नवी पट्टी घेण्याचे कारण नाही.

माझ्या मते खरी काळजी इफेक्टची नसून विजेची आहे. मीटरला ६० दिवे धरले तर पाच मीटरचे ३०० होतात, आणि पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरल्यास हिशेब १८ अँपिअर, म्हणजे ९० वॉटपर्यंत जातो. मखरात इतका प्रकाश कोणालाच नको असतो. पाच व्होल्ट, दहा अँपिअरचा, नावाजलेल्या बनावटीचा पॉवर सप्लाय घेऊन डब्ल्यूएलईडीमध्ये विजेची कमाल मर्यादा आठ हजार मिलिअँपिअर भरली, की अंदाजे प्रवाह त्यावर जाऊ लागताच ते आपणहून प्रकाश उतरवते. वीज पट्टीच्या दोन्ही टोकांना द्यावी, नाहीतर दूरच्या टोकाला व्होल्टेज घसरून तिथला पांढरा रंग पिवळट-तांबूस दिसू लागतो. पॉवर सप्लाय मखराच्या कापडाआड न लपवता बाहेर, हवा लागेल असा ठेवावा आणि फ्यूज बसवल्याशिवाय तारा जोडू नयेत. पुठ्ठा आणि कापड यांच्या मखरात ही गोष्ट ऐच्छिक नाही.

बोर्डाचा डेटा ३.३ व्होल्टचा असतो, तर पाच व्होल्टवरच्या पट्टीला तो ३.५ च्या वर हवा असतो. तार आखूड असली तर बहुतेकदा निभावते. पण दिवे उगाच लुकलुकू लागले तर कारण हेच समजावे आणि मध्ये डेटाचे व्होल्टेज पाचपर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही स्वस्त चिप घालावी. पट्टी आणि बोर्ड यांचे ग्राउंड एकत्र जोडलेले असणे तर अत्यावश्यकच आहे.

सभागृहाच्या वाय-फायचा नाद सोडावा. तिथे जोडणीआधी लॉगिनचे पान उघडते आणि ते भरणे या बोर्डाला जमत नाही. शिवाय त्याला २.४ गिगाहर्ट्झच कळते, आणि सभागृह भरल्यावर तेवढ्या फोनच्या गर्दीत ते नेटवर्क रेंगाळते. बोर्ड स्वतःचे वाय-फाय उभे करतो; घरी त्यालाच फोन जोडून सर्व प्रीसेट, म्हणजे जतन केलेल्या रोषणाईच्या मांडण्या, तयार करावेत आणि वीज येताच त्यांपैकी कोणता लागावा तेही ठरवून ठेवावे. इफेक्ट बोर्डावरच चालत असल्यामुळे पुढे फोन जवळ नसला तरी काही बिघडत नाही. आरतीसाठी बोर्डाला एक साधे दाबाचे बटण जोडावे: एकदा दाबले की आरतीचा प्रीसेट, दोनदा दाबले की पुन्हा नेहमीची रोषणाई. हे बटण लहान मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर असावे, कारण ते बराच वेळ दाबून धरल्यास सारी मांडणी पुसली जाऊ शकते.

आरतीचा प्रीसेट स्थिर, मंद आणि केशरट असावा, म्हणजे निरांजनाची ज्योत उठून दिसेल. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा चमकणारे इफेक्ट यादीतूनच वगळावेत, कारण अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना ते घातक ठरू शकतात.

प्रेषक: सजावट समिती

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. खजिनदारांनी खर्चास संमती दिली आहे. लेझीम पथकाच्या ताईंची एक विचारणा आहे: ढोलाच्या ठेक्याबरोबर दिवे नाचवता येतील काय?

प्रेषक: एक सभासद

येतील. ईएसपी३२ ला आयएनएमपी४४१ हा छोटा डिजिटल मायक्रोफोन जोडला की डब्ल्यूएलईडीचे आवाजावर चालणारे इफेक्ट वापरता येतात. मात्र ढोल जवळ असला तर मायक्रोफोन गुदमरतो आणि दिवे सतत पेटलेलेच राहतात. तेव्हा तो मखराच्या मागच्या बाजूला बसवून संवेदनशीलता कमी करावी. पट्टीचे सेगमेंट, म्हणजे वेगवेगळे चालणारे भाग, पाडता येतात, म्हणून ठेका केवळ दोन खांबांना द्यावा आणि प्रभावळ स्थिर ठेवावी, असे मी सुचवतो. मूर्तीच्या डोक्यामागे दिवे उड्या मारू लागले तर पाहणाऱ्यांचे लक्ष मूर्तीवर राहत नाही. मायक्रोफोन मागवताना बोर्ड ईएसपी३२ च आहे, जुना ईएसपी८२६६ नाही, याची खात्री करून घ्यावी.