ग्रुपवरची चर्चा: स्वस्त दुकान आणि कामाचे तास

बी-१०३: नमस्कार मंडळी. लेकीला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय आलाय: "महाकाय सवलतीची दुकाने, समाजाला तारक की मारक". चिठ्ठीत 'मारक' निघालं. नेटवरचं तयार भाषण नको म्हणते. कुणी मुद्दे सुचवाल का?

ए-२०४: मारक कसली? गरिबाला चार पैसे कमीत माल मिळतो तो मारक? हरणार ती 😄

ए-४०१: दादा, बाजू चिठ्ठीत आलीय, तिने निवडलेली नाही. पण तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तिने तो आधी स्वतःच कबूल करून टाकावा. हाउसमन आणि लाइबटॅग या अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये अमेरिकेतला हिशेब मांडला होता. अशी दुकानं पसरली की ग्राहकाचा होणारा फायदा त्याच्या अन्नावरच्या खर्चाच्या साधारण २५ टक्क्यांपर्यंत जातो. त्या २५ पैकी सुमारे २० तिथे स्वस्त मिळतं म्हणून, उरलेले बाकीच्या दुकानांनाही भाव उतरवावे लागतात म्हणून. म्हणजे जो त्या दुकानात पाऊलही टाकत नाही, त्यालाही फायदा.

ए-२०४: घ्या! संपला वाद.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

ए-४०१: संपला नाही, आता तर सुरू होतोय. "नोकऱ्या जातात" असं ती म्हणेल आणि तिथेच पकडली जाईल, कारण अभ्यासकांचंच एकमत नाही. एमेक बास्कर यांनी २००५ मध्ये दाखवलं की वॉलमार्ट या अमेरिकी सवलत-साखळीचं दुकान आल्याच्या वर्षी त्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) किरकोळ विक्रीतल्या नोकऱ्या १०० ने वाढतात. पुढच्या ५ वर्षांत बाकीची दुकानं बंद पडून किंवा आक्रसून त्यातल्या निम्म्या जातात, म्हणजे ५० उरतात. न्यूमार्क आणि सहकाऱ्यांचा २००८ चा निष्कर्ष बरोब्बर उलटा: तिथला एक कामगार इतर दुकानांतल्या १.४ कामगारांची जागा खातो, आणि काउंटीतल्या किरकोळ नोकऱ्या २.७ टक्क्यांनी घटतात.

बी-१०३: बाई गं. दोन्ही शिकलेले लोक ना?

ए-४०१: दोघेही उत्तम. अडचण अशी की ही दुकानं वाटेल तिथे उघडत नाहीत, वाढत्या गावात उघडतात. मग नोकऱ्या दुकानामुळे वाढल्या की गाव वाढतच होतं म्हणून, हे वेगळं कसं करायचं? बास्कर यांनी कंपनी आखणीच्या क्रमाने दुकानांना देते त्या स्टोअर क्रमांकांवरून दुकान कधी उघडायचं ठरलं होतं ते काढलं. न्यूमार्क यांनी आर्कान्सा राज्यातल्या वॉलमार्टच्या मुख्यालयापासूनचं अंतर धरलं, कारण ही साखळी तिथूनच गोल गोल पसरत गेली. वाटा वेगळ्या, मुक्कामही वेगळे. म्हणून नोकऱ्यांच्या आकड्यावर भाषण उभं करू नये असं माझं मत.

सी-५०२: मॅडम बरोबर बोलल्या. थोडं लांब लिहितो, टायपिंगला माफी. मी एका मोठ्या साखळी दुकानात बरीच वर्षं काढली, शेवटी स्टोअर मॅनेजर होतो. नाव सांगत नाही. बाहेरच्यांना वाटतं मालक पगार दाबतो. आमच्याकडे पगाराचा दर ठरलेला होता, तो मी हलवू शकत नव्हतो. मला वरून यायचं ते तासांचं बजेट. आठवड्याच्या विक्रीचा अंदाज, त्याचा ठरावीक टक्का म्हणजे माणसांवरचा खर्च, त्याला दराने भागलं की तास. भाडं, वीज, मालाची खरेदी, यातलं काहीच मॅनेजरच्या हातात नाही. विक्री जरा मंदावली की आकडा बसवायला एकच जागा उरते, रोस्टर. मग कुणाची शिफ्ट आठवरून पाचवर आणायची, कुणाला "आज नको येऊस" असा फोन करायचा. बजेट पाळलं तर माझा बोनस. यात दुष्ट माणूस कुणीच नाही. पण धंद्यातली सगळी अनिश्चितता शेवटी काउंटरवरच्या पोरीच्या अंगावर येते. लेकीला सांगा, हा मुद्दा धर.

डी-३०५: काका, ती काउंटरवरची पोरगी मी होते 🙋‍♀️ कॉलेजात असताना, दुसऱ्या एका साखळीत. रात्री दुकान बंद करून घरी, आणि सकाळी उघडायला पुन्हा मीच. दुसरी अर्धवेळ नोकरी धरावी तर तेही नाही, कारण फॉर्मवर "कधीही उपलब्ध" ला टिक केली नसेल तर तास आणखी कमी. पगार किती विचारलं की काय सांगायचं तेच कळायचं नाही. दर माहीत, महिना माहीत नाही. ज्या बायकांना घरी लहान मुलं होती त्यांचे हाल विचारू नका.

ए-२०४: जुन्या गोष्टी या. वॉलमार्टनेच अमेरिकेत किमान दर २०१५ मध्ये तासाला ९ डॉलर केला, २०२३ मध्ये १४. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

डी-३०५: दर वाढला हे चांगलंच. पण दादा, गुणाकार दोन आकड्यांचा असतो. १४ गुणिले किती?

सी-५०२: 👆 हेच. अमेरिकी संसदेच्या लेखापाल संस्थेने, गाओने, २०२० मध्ये काही राज्यांची आकडेवारी तपासली. सरकारी अन्न-मदत आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या नोकरदारांचे सर्वांत मोठे मालक कोण, तर त्यात वॉलमार्ट वरच्या नंबरात. कंपनी मोठी म्हणून नंबर वर, हे मान्य. तरी नोकरी असून सरकारी मदतीवर घर चालतं ही गोष्ट उरतेच.

ए-२०४: बरं, गावाचं काय? तारक-मारक म्हणजे गावपण आलं.

ए-४०१: अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन १९८० च्या दशकापासून छोट्या गावांची विक्री मोजत होते. ज्या गावात मोठं दुकान येतं तिथली एकूण उलाढाल बरेचदा वाढते, आजूबाजूची गिऱ्हाइकं तिथे येतात. खड्डा पडतो शेजारच्या लहान गावांत, आणि त्यांना तर कुणी विचारलेलंही नसतं. परवानगी एका गावाची, परिणाम पंचक्रोशीला.

दुसरी गोष्ट, दुकान निघून जातं तेव्हा काय. अमेरिकेतल्याच वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॅकडॉवेल ही कोळसा खाणींची काउंटी. तिथल्या किंबॉलमध्ये २००५ मध्ये वॉलमार्ट आलं, २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. त्या महिन्यात कंपनीने जगभरातली २६९ दुकानं बंद करायची घोषणा केली, त्यात १५४ अमेरिकेतली. कंपनीच्या वहीत एक ओळ खोडली गेली. किंबॉलमध्ये नोकऱ्या गेल्या, स्थानिक कर गेला, गरिबांच्या अन्नपेढीला मिळणारा उरलेला माल गेला. त्या जागी पुन्हा छोटा व्यापारी उभा राहायला भांडवल लागतं, घाऊक पुरवठादार लागतो, उधारी देणारा लागतो. ती साखळी एकदा तुटली की पटकन सांधत नाही.

बी-१०३: हे ती नक्की घेईल. वाचून दाखवतेय तिला.

सी-५०२: पुरवठादार विसरू नका. २०१७ पासून वॉलमार्टने नियम केला की माल ठरल्या वेळेत, पूर्ण संख्येने आला नाही तर किमतीच्या ३ टक्के दंड. उशीरच नाही, लवकर आला तरी दंड. दुकानाला गोदामात पैसा अडकवायचा नाही, मग तो धोका कारखान्याने उचलायचा. कारखाना तो आपल्या कामगारावर ढकलतो. माझ्या रोस्टरचीच गोष्ट, फक्त आणखी एक पायरी खाली.

ए-२०४: मग युनियन करा ना. कोण अडवतं?

डी-३०५: कॅनडात क्वेबेकमधल्या जाँकियेरला वॉलमार्टच्या कामगारांनी २००४ मध्ये केली. २००५ मध्ये दुकानच बंद. सुप्रीम कोर्टाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला तो २०१४ मध्ये. तोवर त्या लोकांनी काय खायचं?

ए-४०१: पण स्वस्त दुकान म्हटलं की हे असंच होणार, असंही ठरवून टाकू नका. जर्मनीत वॉलमार्टला टिकता आलं नाही, २००६ मध्ये ते बाहेर पडले. स्वस्ताईत आल्डी आणि लिडल या तिथल्याच साखळ्या त्यांच्या पुढेच होत्या. आल्डीत कॅशिअर खुर्चीवर बसून बिल करतो, तरी भाव कमी, कारण वस्तूंचे प्रकार मोजके आणि खोक्यातला माल खोक्यातच मांडलेला. (त्यांना संत म्हणत नाहीये. लिडलने कर्मचाऱ्यांवर गुप्तपणे नजर ठेवली हे २००८ मध्ये उघड झालं, दंडही झाला.)

ए-२०४: मॅडम, पण तासांची हमी दिली की भाव चढणारच. साधं गणित आहे.

सी-५०२: मलाही असंच वाटायचं. गॅप या कपड्यांच्या कंपनीने शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या दुकानांत प्रयोग केला, निकाल २०१८ मध्ये आला. काही दुकानांत वेळा स्थिर केल्या, काहींत जुनंच चालू ठेवलं. स्थिर दुकानांची विक्री ७ टक्क्यांनी वर गेली. कारण साधं आहे: रोजचा माणूस असला की माल कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही. कपड्यांचं दुकान आहे, सवलतीचं नव्हे, तेव्हा जपून वापरावं. पण "हमी दिली की भाव चढतोच" हे यातून तरी निघत नाही. आणि सिएटलमध्ये २०१७ पासून कायदाच आहे: मोठ्या दुकानांनी रोस्टर १४ दिवस आधी द्यायचं, नंतर बदललं तर भरपाई. तिथली दुकानं काही ओस पडली नाहीत.

ए-२०४: हं. ठीक आहे. पण मी परीक्षक असतो तर एकच प्रश्न विचारला असता: जी छोटी दुकानं बुडाली म्हणून रडताय, ती आपल्या नोकराला किती पगार देत होती? सुट्टी? आजारपण?

डी-३०५: हा प्रश्न वाईट आहे 😅

ए-४०१: वाईट नाही, बरोबर आहे. मोठ्या साखळ्यांचा दर छोट्या दुकानांपेक्षा बरेचदा जास्तच असतो, आणि छोट्याकडे पुष्कळदा नोंदच नसते. तिने छोट्या दुकानदाराची आरती ओवाळू नये. मोठ्या दुकानाकडे हिशेब आहे, संगणक आहे, दोन आठवडे पुढचा अंदाज आहे. तो अंदाज ते मालाच्या ऑर्डरसाठी वापरतात. माणसांसाठी का नाही, एवढंच विचारावं.

बी-१०३: ती म्हणते उद्या संध्याकाळी क्लब हाउसमध्ये सराव करायचा. ए-२०४ दादांनी समोरच्या बाजूने बोलायचं.

ए-२०४: येतो. तिला सांगा, पहिला प्रश्न मी पगाराचाच काढणार. आणि काका, ते ३ टक्के दंडाचं मला वेगळं पाठवा, आमच्या ऑफिसातही असंच काहीतरी चालू झालंय.