मदत हवी आहे: डोरिफोरोसच्या प्लास्टर प्रतिकृतीचा घोटा

पोम्पेईत सापडलेल्या, आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेल्या संगमरवरी डोरिफोरोसची, म्हणजे भालाधारी खेळाडूच्या पुतळ्याची (उंची २.१२ मीटर) पाव मापाची, म्हणजे ५३ सेंटीमीटरची प्रतिकृती प्लास्टरमध्ये ओतायची आहे. उजव्या पायामागचा झाडाचा बुंधा मात्र नको. शिल्पकार पॉलिक्लीटसचा मूळ ग्रीक पुतळा पोकळ ब्राँझचा, त्याला टेकू लागलाच नसता. दगडाच्या वजनाने घोटा तुटू नये म्हणून त्याच्या या संगमरवरी नकलेत बुंधा आला. प्लास्टरलाही तेच दुखणं! भार उजव्या पायावर, घोटा जेमतेम २ सेंटीमीटर. साधं लोखंड गंजून प्लास्टर तडकवतं, म्हणून ४ मिलिमीटरची स्टेनलेस सळई घालणार. ती गुडघ्यापर्यंत पुरेल की कमरेपर्यंत न्यावी? गुळगुळीत सळईवर प्लास्टरची पकड बसायला बारीक तार गुंडाळावी का?