पहिले घर, कमी उत्पन्न आणि करसवलत

नवे बिऱ्हाड:
नमस्कार. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आम्ही 33 लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. चटई क्षेत्र 48 चौरस मीटर असून 24 लाखांचे कर्ज काढावे लागेल. माझे वार्षिक उत्पन्न 5 लाख 60 हजार आणि पत्नीचे 2 लाख 60 हजार आहे. पहिल्या घराच्या कर्जावर साडेतीन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते, असे विक्री कार्यालयात सांगण्यात आले. ते खरे आहे का? गावचे घर वडिलांच्या नावावर असल्याने प्रधानमंत्री आवास योजनेत आम्ही अपात्र ठरू का?

हिशेबनीस:
हा आकडा म्हणजे 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 24 खालचे दोन लाख आणि कलम 80 ईईए खालचे दीड लाख यांची बेरीज आहे. त्यातील 80 ईईए ही सवलत 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2022 या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती, त्यामुळे तुमच्या कर्जाला ती लागू होणार नाही. उरलेले दोन लाख राहत्या घरासाठी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात, तेही ताबा मिळाल्यानंतर. मुख्य म्हणजे 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर भरावाच लागत नाही. मग तुम्ही दोघे वजावट घेणार तरी कशातून? वजावटीच्या रूपातील मदत ज्याला अधिक कर आहे त्यालाच अधिक मिळते आणि ज्याला खरी गरज आहे तो कोरडा राहतो, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

तुमच्या उपयोगाची आहे ती आवास योजना 2.0 मधील व्याज अनुदान योजना. कुटुंबाचे उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि ते 1 सप्टेंबर 2024 नंतर मंजूर झालेले, या अटी तुम्ही पूर्ण करता. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के दराने मोजलेले, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांचे अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. हप्ता जमा होताना खाते चालू असावे लागते आणि निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावे लागते, म्हणून या काळात हाती पैसा आला तरी मोठी परतफेड करण्यापूर्वी हिशेब जरूर मांडावा.

या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. वडिलांचे घर त्यात धरत नाहीत. तरीही ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, काढून पाहा, कारण घरपट्टीला मुलांचीही नावे लावून ठेवलेली असतात, आणि तुमचे नाव तिथे असेल तर प्रश्न उभा राहू शकतो.

दस्तनोंदणी:
वस्तू व सेवा कर तपासा. तुमच्या शहरात 90 चौरस मीटरपर्यंतचे आणि 45 लाखांच्या आतील घर परवडणाऱ्या गटात येते, त्यामुळे दर 5 ऐवजी 1 टक्का आहे. म्हणजे 1 लाख 65 हजारांऐवजी 33 हजार. खर्चाच्या तक्त्यात हा दर स्पष्ट लिहून घ्या.

मुद्रांक शुल्क तुमच्याकडे 7 टक्के आहे. खरेदीदार केवळ महिला असेल तर 6 टक्के. म्हणजे 33 हजारांची बचत, मात्र दस्तात तुमचे नाव सहखरेदीदार म्हणून आले की ती जाते. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकानुसार येणारी, किंमत करारापेक्षा जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर बसते. नोंदणी फी 30 हजार वेगळी धरा.

नवे बिऱ्हाड:
मनःपूर्वक आभार. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतले, तर माझे उत्पन्न कर्जासाठी धरले जाईल का?

दस्तनोंदणी:
बँका पतीला सहकर्जदार म्हणून सहसा घेतात. आपल्या बँकेकडून तसे आधी लेखी घ्या. मालकी मात्र पूर्णपणे पत्नीची राहील आणि हप्त्यांची जबाबदारी दोघांची, हे दोघांनीही समजून घेऊन ठरवावे. व्याजाची वजावट मालकालाच मिळत असल्याने पुढे तुमचा पगार वाढला तरी ती तुम्हाला घेता येणार नाही. आज तुम्हाला कर नाही, त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर दस्त पत्नीच्याच नावाने केला असता.