व्हरांड्यातला फुफ्फुस पुनर्वसन वर्ग: सीओपीडीच्या रुग्णांना किती चालवायचं, कधी थांबवायचं?

तालुका_सिस्टर (प्रश्न)
नमस्कार. ग्रामीण रुग्णालयात सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार) आणि टीबीनंतर फुफ्फुसं खराब झालेल्या रुग्णांसाठी आठवड्यातून दोन दिवस व्यायामाचा वर्ग सुरू करायचा आहे. वर्ग आम्ही दोघी स्टाफ नर्स चालवणार. छातीचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, फिजिओथेरपिस्टची जागा रिकामी आहे. ट्रेडमिल, सायकल काही नाही. २० मीटरचा सरळ व्हरांडा, दोन पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, ऑक्सिजन सिलिंडर आणि बिनहाताच्या खुर्च्या एवढं आहे. रुग्ण बहुतेक साठीच्या पुढचे. बायकांपैकी बऱ्याच जणींनी विडी-सिगारेटला हात लावलेला नाही, त्यांचा आजार चुलीच्या धुराचा आहे.
कोणाला किती चालवायचं हे कशावरून ठरवायचं? दम लागला की लगेच बसवायचं का? ऑक्सिजन किती खाली गेला की थांबवायचं?

पुनर्वसन_परिचारिका
सिस्टर, एवढ्या सामानात वर्ग नीट चालतो. सुरुवात सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीने करा. प्रमाण अंतर ३० मीटरचं आहे. २० मीटरमध्ये वळणं जास्त येतात, म्हणून आकडा थोडा कमी येतो. त्यामुळे तुमचे आकडे दुसऱ्या दवाखान्याच्या आकड्यांशी ताडू नका. मात्र पहिली आणि शेवटची चाचणी त्याच व्हरांड्यात घ्या.

जमिनीवर दर ३ मीटरला खूण करा, दोन्ही टोकांना काहीतरी ठेवा. रुग्णाच्या बरोबरीने चालू नका, नाहीतर तो तुमचा वेग धरतो. थोडं मागे राहा. दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोला: ‘छान चाललंय, अजून इतकी मिनिटं राहिली.’ रुग्ण थांबला तरी घड्याळ चालू ठेवा आणि किती वेळा थांबला ते लिहा. अर्धा तास विश्रांती देऊन चाचणी पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी बहुतेकांचं अंतर वाढतं, जे जास्त असेल ते धरा.

आता हिशोब. समजा ३०० मीटर झालं, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. त्याच्या ८० टक्के म्हणजे ४०. दहा मिनिटांत ४०० मीटर, तुमच्या व्हरांड्याच्या २० लांब्या. हा त्या रुग्णाचा पहिल्या दिवसाचा डोस. लांब्या मोजायला टोकाला दोन वाट्या आणि २० खडे ठेवा, दर वेळी एक खडा या वाटीतून त्या वाटीत. सलग जमत नसेल तर दोन मिनिटं चालणं, एक मिनिट उभं राहणं. एकूण चालणं दहा मिनिटं भरलं पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. बोर्गच्या ० ते १० मोजपट्टीवर दम ४ ते ६ च्या दरम्यान यायलाच हवा. रुग्णाला आकडा सांगता येत नसेल तर ‘मध्यम, जरा जास्त, खूप, फार खूप’ असे शब्द द्या. ते ३, ४, ५ आणि ७ ला लागू पडतात. पहिल्या धापेला खुर्ची पुढे केली की रुग्णाची भीती पक्की होते, आणि पायांच्या स्नायूंना ताण न मिळाल्याने आठ आठवड्यांनी काहीच फरक दिसत नाही. या व्यायामाने स्पायरोमेट्रीचे (फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या चाचणीचे) आकडे बदलत नाहीत. बदलतात ते मांडीचे स्नायू आणि दमाची भीती. असे वर्ग फसतात त्याचं पहिलं कारण जास्त व्यायाम नसतं, फार जपून दिलेला व्यायाम असतो.

दम ३ च्या खाली राहू लागला की आधी वेळ वाढवा, २० आणि मग ३० मिनिटांपर्यंत. वेग त्यानंतर.

छाती_ओपीडी
पुनर्वसनाच्या सिस्टरांनी बरोबर सांगितलं आहे, मी फक्त सुरक्षिततेबद्दल लिहितो.

गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक किंवा अस्थिर अंजायना (बसल्या जागीही हृदयामुळे छातीत दुखणं) झाला असेल तर चाचणी नको. बसल्या जागी नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. टीबीनंतरच्या रुग्णांची थुंकी निगेटिव्ह असल्याचा कागद आधी बघा आणि वर्ग उघड्या व्हरांड्यातच ठेवा. थुंकीतून रक्त आलं तर त्या दिवशी व्यायाम बंद.

ऑक्सिजन: व्यायामात ८८ टक्क्यांच्या वर ठेवायचा प्रयत्न असतो. खाली गेला तर उभं करून ओठांचा चंबू करून श्वास सोडायला लावा, वर आल्यावर पुन्हा चालवा. दर वेळी घसरत असेल तर डॉक्टरांकडून व्यायामाच्या वेळचा ऑक्सिजन प्रवाह लिहून घ्या. सीओपीडीत लक्ष्य ८८ ते ९२ असतं. घाबरून सिलिंडर पूर्ण उघडू नका, काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि ते गुंगीत जातात.

यंत्रावरही लगेच विश्वास नको. थंड बोटं, नखांवर मेंदी किंवा नेलपेंट, हलता हात यांनी आकडा चुकतो. हात छातीशी स्थिर धरा, यंत्रावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळते का बघा, मगच आकडा लिहा.

छातीत दुखणं, चक्कर, झोक जाणं, अंग पांढरं पडून घाम सुटणं, यांपैकी काही दिसलं तर आकडा काहीही असो, लगेच थांबवा.

फिजिओ_सातारकर
नुसतं चालणं पुरत नाही. मांड्यांची ताकद वेगळी वाढवावी लागते. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. १५ सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. बाराव्या वेळेला स्नायू थकला पाहिजे. न थकता वीस वेळा होत असेल तर एक लिटरची बाटली घ्या.

हात खांद्याच्या वर गेले की दम एकदम वाढतो, कारण श्वासाला मदत करणारे मानेचे-खांद्याचे स्नायू हातांच्या कामाला लागतात. म्हणूनच या बायकांना वेणी घालताना किंवा फळीवरचा डबा काढताना धाप लागते. उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. बहुतेक जण नेमकं उचलतानाच श्वास रोखून धरतात. हे बाटली हातात देऊन शिकवा, तोंडी सांगून लक्षात राहत नाही.

तालुका_सिस्टर
खूप आभार सगळ्यांचे. अजून दोन गोष्टी. पंप वर्गाच्या आधी द्यायचा का? आणि दोन-तीन आठवड्यांनी रुग्ण यायचे बंद होतील अशी भीती आहे.

पुनर्वसन_परिचारिका
सालब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) लिहून दिलेलं असेल तर वर्गाच्या १५ मिनिटं आधी, स्पेसरमधून (पंपाला लावायच्या पोकळ नळकांड्यातून), एका वेळी एकच पफ. दोन पफ एकदम मारले की औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटून वाया जातं. पंपाला श्वास हळू आणि लांब घ्यायचा. कॅप्सूलवाल्या यंत्राला जोरात आणि झटकन. दोन्हीत नंतर १० सेकंद श्वास धरायचा. कॅप्सूलच्या यंत्रात उलटी फुंकर मारून पावडर ओली करणारे बरेच असतात. म्हणून प्रत्येकाला स्वतःचा पंप आणायला लावा आणि समोर घ्यायला सांगा.

गळतीसाठी वर्ग बाजाराच्या दिवशी ठेवा, औषधं त्याच दिवशी मिळू द्या, म्हणजे एसटीचं भाडं एकदाच पडेल. घरी आठवड्यातून आणखी तीन दिवस चालायचं. अंगणात दहा मीटरवर दोन दगड ठेवायला सांगा, चाललेल्या दिवशी कॅलेंडरवर फुली. दोन वर्ग चुकले की त्याच दिवशी फोन करा, गरज पडली तर आशाताईंना घरी पाठवा. कारण बहुतेक वेळा आजार बळावलेला असतो: कफाचा रंग बदललेला, दम वाढलेला. अशांना आधी डॉक्टरांकडे पाठवा. बरे झाल्यावर निम्म्या लांब्यांपासून पुन्हा सुरू करा. अॅडमिट झाले असतील तर डिस्चार्जनंतर चार आठवड्यांच्या आत वर्गात आणा.

आठ आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्या. ३० मीटर वाढले तर तो खरा फरक. कॅट प्रश्नावलीत (सीओपीडीचा त्रास किती हे विचारणारी, गुण जास्त तर त्रास जास्त) ४० पैकी २ गुण कमी झाले तरी तो खरा फरक धरा. ऑक्सिजनवर चालणाऱ्यांचा प्रवाह आणि सिलिंडर कोण ओढत होतं हे पहिल्या चाचणीच्या कागदावरच लिहून ठेवा, नाहीतर दुसरा आकडा कशाशी ताडायचा ते कळणार नाही.