मदत हवी आहे: हार्डनेस सारखा, मग एक लॉट चार्पीत का पडतो?

नमस्कार मंडळी. ३८एमएनव्हीएस६ या फोर्जिंग स्टीलचे दोन लॉट तपासतोय. हार्डनेस जवळजवळ सारखा, पण खोलीच्या तापमानाला चार्पी (खाच पाडलेला नमुना एका फटक्यात तोडायला किती ऊर्जा लागते ती चाचणी) घेतली की पहिला लॉट ४० ज्यूलच्या आसपास आणि दुसरा १८. खाच, नमुन्याची दिशा, मशीन सगळं तेच.

गोंधळ पुढेच आहे. नायटल (अंतर्गत रचना उघड करणारं आम्लद्रावण) लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पहिल्यात साधं फेराइट-पर्लाइट, म्हणजे सावकाश थंड झालेल्या स्टीलची नेहमीची रचना. दुसऱ्यात बराचसा बेनाइट (जास्त वेगाने थंड झाल्यावर बनणारी पट्ट्यापट्ट्यांची रचना), आणि तोच जास्त बारीक दिसतो! ग्रेन (धातूतले स्फटिक) बारीक तितका चिवटपणा जास्त, असंच शिकलोय ना आपण? रसायनात डोळ्यात भरतं ते एकच: पहिल्यात टायटॅनियम ०.०१५ टक्के, दुसऱ्यात ०.०३५. नायट्रोजन दोन्हींत १२० पीपीएम.

प्रतिसाद १
बारीक दिसतात त्या बेनाइटच्या पट्ट्या. एका पॅकेटमधल्या, म्हणजे समांतर पट्ट्यांच्या एका गठ्ठ्यातल्या, पट्ट्यांची स्फटिकदिशा जवळपास एकच असते, त्यामुळे क्लीव्हेजची (स्फटिकाच्या सपाट पातळीवरून होणाऱ्या ठिसूळ तुटीची) भेग त्यांतून सरळ निघून जाते. तिला वळायला लावतात १५ अंशांहून जास्त दिशाफरकाच्या सीमा. म्हणजे मोजायचं ते पॅकेट, पट्टी नव्हे. ऑस्टेनाइटचा (तापलेल्या स्टीलची रचना, थंड होताना तिचाच बेनाइट होतो) ग्रेन मोठा असेल तर पॅकेटही मोठं. पट्ट्यांमध्ये मार्टेन्साइट-ऑस्टेनाइटची कठीण, ठिसूळ बेटं असली तर आणखी वाईट. फोर्जिंगनंतर माल थंड कसा केला?

प्रतिसाद २
मला टायटॅनियमचा संशय आहे. काही दशनॅनोमीटरचे टायटॅनियम नायट्राइडचे कण भट्टीत ऑस्टेनाइटचा ग्रेन धरून ठेवतात, तेवढ्यासाठीच ते हवे. प्रमाण वाढलं की स्टील घट्ट होताना उरलेल्या द्रवातच मायक्रॉनभर मोठे कण तयार होतात. ते १२५० अंश सेल्सिअसलाही विरघळत नाहीत, ग्रेनही धरत नाहीत. ठिसूळ असल्यामुळे आधी तेच फुटतात आणि भेग तिथून सुटते. नायटल न लावता नुसतं पॉलिश करून बघा, टोकदार कोपऱ्यांचे सोनेरी-नारिंगी चौकोन दिसतील. (बेनाइटला सरसकट दोष नको. ग्रेनच्या आत वेगवेगळ्या दिशांना वाढलेला असिक्युलर फेराइट असता तर भेगेला पावलोपावली वळावं लागलं असतं.)

धागाकर्ता
दोघांचेही आभार. दुसरा लॉट पंख्यासमोर, म्हणजे भरभर, थंड झाला होता, हे आज विचारल्यावर कळलं; बेनाइट त्यातूनच आला असावा. आणि चौकोन आहेत! सर्वांत मोठा ६ मायक्रॉनचा. पण भेग तिथूनच सुटली हे कसं दाखवू?

प्रतिसाद २
तुटलेला नमुना एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) ठेवा. क्लीव्हेजच्या पृष्ठभागावर नदीच्या उपनद्यांसारख्या रेषा दिसतील, त्यांचा उलटा माग काढत उगमापर्यंत जा. तिथे फुटलेला कण सापडला तर प्रश्न मिटला. पाच-सहा नमुने तरी बघा, एकावर विसंबू नका.