विस्कॉन्सिनमध्ये टर्कीची शिकार: सहापैकी कोणता आठवडा मागू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, शिकार करावी की करू नये या वादासाठी हा धागा नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथेही येईन.

मी मॅडिसनजवळ राहतो. अनुभव शून्य. कोकणात आजोबांची ठासणीची बंदूक होती, पण ती मी भिंतीवर टांगलेलीच पाहिली. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर घरात शिकारीच्या फक्त गोष्टी उरल्या. इथे ऑफिसातल्या मित्राचं डॉजव्हिलच्या बाजूला शेत आहे, तिथे टर्की गाई चराव्यात तशा फिरतात. त्याने ‘ये की वसंतात’ म्हटलं आणि मी हो म्हणून बसलो. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सुरक्षिततेचा कोर्स सक्तीचा आहे, तोही केला. वर्गात बहुतेक बारा-तेरा वर्षांची पोरं आणि मागच्या बाकावर टक्कल पडलेला मी.

आता घोडं अडलंय ते आठवड्यावर. एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारपासून मोसम सुरू होतो. त्याचे बुधवार ते मंगळवार असे सात-सात दिवसांचे सहा भाग, ए पासून एफ पर्यंत. जो भाग मिळेल तेवढ्याच दिवसांत जायचं. अर्ज १० डिसेंबरपर्यंत. मित्र म्हणतो ‘ए’ मागव, नंतर पक्षी शहाणे होतात. त्याचे वडील म्हणतात मेच्या मध्यावर ये आणि सकाळचा नाश्ता करून ये. आता कुणाचं ऐकू? मला थंडी सोसत नाही, आणि बायकोला गोचिडांची धास्ती आहे. शनिवार-रविवार सोडून फार तर दोन दिवस रजा मिळेल. परवाने राज्याच्या भागांप्रमाणे, म्हणजे झोनवार मिळतात; मित्राचं शेत येतं त्या झोन १ मध्येच जायचं आहे.

ओढ्याकाठी:
मित्राचे वडील बरोबर सांगतायत. गणित सगळं माद्यांचं आहे. एप्रिलच्या मध्यावर हिवाळ्यातले थवे नुकतेच फुटत असतात, नर जोरजोरात ओरडतात, ऐकून अंगावर काटा येतो. पण प्रत्येकाच्या भोवती चार-पाच माद्या. तू झुडपाआडून मादीचा कितीही गोड आवाज काढ, तो लांबून उत्तर देईल आणि खऱ्या मादीमागे निघून जाईल. पुढे मादी रोज साधारण एक अंडं घालते, दहा-बारा झाली की उबवायला बसते ती २८ दिवस. मे उजाडला की अशा बसलेल्या माद्या वाढत जातात आणि नर एकटे पडतात. तेव्हा ते हाकेला चालत येतात. नवख्याने डी किंवा ई मागावा.

नाश्त्याचं म्हणाल तर तीही थट्टा नाही. पहाटे झाडावरून उतरल्यावर नर माद्यांसोबत असतो. नऊच्या सुमारास माद्या घरट्याकडे सटकतात आणि मग याला आपली आठवण होते. सातलाच कंटाळून गाडीकडे परतणारे बरेच.

रानकोंबडा_७:
थोडा असहमत. ए-बी मध्ये झाडांना पानं नसतात, लांबवरचं दिसतं, आवाज कुठून येतोय ते कळतं. मेमध्ये सगळं हिरवं झालं की चाळीस पावलांवरचा पक्षी दिसत नाही. शिवाय तोवर त्या नरांनी नकली हाका भरपूर ऐकलेल्या असतात. मात्र मी एका ए मध्ये चार दिवस बर्फात बसून सर्दी घेऊन आलोय, हेही सांगायला हवं.

धागाकर्ता:
सर्दीचा मुद्दा नोंदवला. 😀 पण डी मध्ये सूर्योदय साडेपाचच्या सुमारास ना? म्हणजे उठायचं तीनला?

ओढ्याकाठी:
हो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते आणि त्याआधी अंधारात जागेवर बसलेलं असायला हवं. झेपत नसेल तर आठला जा, मेमध्ये तेही चालतं.

हिरवीमिरची:
मी शिकार करत नाही, पण या भागात रोज ट्रेल चालते. गोचिडांची भीती खरी आहे. लाइम हा आजार पसरवणाऱ्या, हरणांवरच्या गोचिडांची पिल्लं मे ते जुलैत जास्त असतात आणि खसखशीच्या दाण्याएवढीच दिसतात. पॅंट मोज्यात खोचा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी कपड्यांवर आणि बुटांवर फवारून वाळवा, अंगावर नाही. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. यासाठी आठवडा बदलू नका.

ओढ्याकाठी:
+१. आणि एक गोष्ट कोर्समध्ये सांगितली असेल तरी पुन्हा: लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, खिशातला रुमालसुद्धा नको. नराचं डोकं याच रंगांचं असतं. ओरडण्याच्या दिशेने दबकत जायचं नाही, तिथे दुसरा शिकारी हाका मारत बसलेला असू शकतो. रुंद झाडाला पाठ टेकून बस आणि हलू नकोस. टर्कीला वास फारसा कळत नाही, पण डोळे भलते तीक्ष्ण.

डी हुकला तर हताश होऊ नकोस. उरलेले परवाने मार्चमध्ये झोनवार विकायला काढतात, दिवसाला एक घेता येतो. उशिराच्या आठवड्यांचे बहुधा शिल्लक असतात.

रानकोंबडा_७:
एकेकाळी या राज्यातून टर्की पार संपल्या होत्या. १९७६ला मिसूरीहून आणून व्हर्नन काउंटीत सोडल्या, १९८३ला पहिला वसंतातला मोसम झाला. मित्राच्या वडिलांना विचार, त्यांच्या लहानपणी शेतात टर्की होती का. मजेशीर उत्तर मिळेल.

धागाकर्ता:
विचारलं! म्हणाले, शाळेत असेपर्यंत टर्की फक्त थॅंक्सगिव्हिंगच्या ताटात पाहिली.

अर्ज भरला. पहिली पसंती डी, दुसरी ई. रजा गुरुवार-शुक्रवार टाकतोय. हाक मारायची लाकडी पेटी आणली आहे, पण माझ्या हातून त्यातून दाराची बिजागरी करकरल्यासारखा आवाज निघतो आणि बायकोने ती गॅरेजमध्ये हलवली आहे. पेटीच्या घासणाऱ्या भागांना खडू कितपत लावायचा, कुणी सांगेल का?