मदत हवी आहे: मोरेआ बेटावर क्रूझचा एक दिवस, बरोबर आईबाबा आणि तोही रविवार

मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ताहितीहून सात रात्रींची क्रूझ घेतोय. पापेएतेला चढायचं आणि परत तिथेच उतरायचं. मधे मोरेआ बेटावर एक दिवस आहे, आणि त्या एका दिवसावरून घरात सध्या तीन पक्ष पडलेत.

आई ६९ वर्षांची आहे, डावा गुडघा बदललेला. सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालते, पण उंच पायरी दिसली की थबकते. पोहता येत नाही. बाबा ७४, तब्येत खणखणीत, पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. लेक नऊ वर्षांची, तिला शार्क बघायचेत, बाकी जगाशी देणंघेणं नाही. मी आणि नवरा त्या दिवशीचे हमाल.

अडचण अशी की मोरेआला जहाज धक्क्याला लागत नाही. ओपुनोहू खाडीत नांगर टाकून उभं राहतं आणि टेंडर बोटीने पापेतोआई गावाच्या धक्क्यावर सोडतात. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका क्रूझवर असंच होतं. त्या दिवशी लाटा होत्या, बोट दारापाशी हात-दोन हात वरखाली होत होती. आईने पाय पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि मग मागे उभ्या असलेल्या रांगेकडे बघून म्हणाली, "जा तुम्ही, मी इथेच बरी." आम्ही गेलो. ती दिवसभर डेकवर बसून राहिली. ते अजून मनात आहे, म्हणून या वेळी आधीच विचारते.

सकाळी ८ ला बोटी सुरू, शेवटची बोट दुपारी ४ ला. जहाजाची सहल घ्यावी की आपली आपण गाडी ठरवावी? साठ किलोमीटरचा रस्ता बेटाला गोल फिरतो म्हणतात, तो पुरा करावा का? रविवारी सगळं बंद असतं हे खरं का? बाबांनी काय खायचं? आणि बाबांचा स्वतःचा एक प्रश्न आहे. ते दाभोळ खाडीच्या काठी वाढलेत. त्यांचं म्हणणं, "धक्क्यावर चढायचं तर आधी भरतीची वेळ काढ. त्या दिवशीची तिथी सांग, तिच्या आकड्याची पाऊणपट करून मी भरतीची वेळ काढून देतो." हे तिथे चालतं का, कुणी सांगेल का?

व्हिसाचं झालंय. नुसत्या शेंगेनवर तिथे उतरता येत नाही, स्टिकरवर फ्रेंच पॉलिनेशियाचा उल्लेख लागतो, तो आलाय.

सागरगोटा:
आधी आईंचं. ओपुनोहू खाडी प्रवाळाच्या कड्याच्या आत आहे. बाहेरची लाट कड्यावर फुटते, आत जहाज तळ्यात उभं असल्यासारखं असतं. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा पाणी शांत होतं. अर्थात वाऱ्याची हमी कुणी देत नाही. आग्नेयेकडून 'माराआमू' नावाचा वारा सुटतो, तो जोरात असला तर थोडं हलतं.

खलाशी दोन्ही बाजूंनी कोपराला धरतात, पण उचलून घेत नाहीत, पाऊल आपलं आपल्यालाच टाकावं लागतं. त्यामुळे काठी आधीच तुमच्या हातात घ्या आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे ठेवा. आदल्या दिवशी काउंटरवर गुडघ्याचं सांगून ठेवा आणि पहिल्या गर्दीत जाऊ नका. साडेनऊच्या सुमारास रांग ओसरते. मागे माणसं खोळंबलेली नसली की निम्मी भीती जाते. तुमच्या आईने रांगेकडे बघून माघार घेतली असं तुम्हीच लिहिलंय.

भटकभवानी:
गोल चक्कर मारायचीच! पाऊण दिवसात आरामात होते, एकच रस्ता आहे, चुकायची सोय नाही. पत्ते किलोमीटरच्या दगडांवर असतात, 'अमक्या किलोमीटरला डोंगराच्या बाजूला' किंवा 'समुद्राच्या बाजूला'. दक्षिणेकडच्या गावांत प्रवासी फिरकत नाहीत, तीच मजा.

सागरगोटा:
भवानीताई, तुमचं वय तीस असेल. नऊ वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आईबाबा साठ किलोमीटर गाडीत बसून काय बघणार, खिडकी? तेमाएचा समुद्रकिनारा सुंदर आहे, मान्य, पण तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

माझं मत, उत्तरेची बाजू सोडू नका. पापेतोआईहून ओपुनोहूच्या खोऱ्यातून बेल्व्हेदेअरला जा, म्हणजे वरून देखावा बघायच्या जागेला, गाडी अगदी वरपर्यंत जाते. मधोमध रोतुई डोंगर, ८९९ मीटरचा, डावीकडे ओपुनोहू आणि उजवीकडे कुक खाडी. तुमचं जहाज वरून साबणाच्या वडीएवढं दिसेल. गंमत म्हणजे कॅप्टन कुक १७७७ साली आला तेव्हा त्याने नांगर टाकला तो ओपुनोहूत, आणि नाव मिळालं शेजारच्या खाडीला.

उतरताना रस्त्याला लागूनच जुनी मराए आहेत, म्हणजे पूजेचे दगडी चौथरे. मापेच्या झाडांखाली ओलसर सावली, शेवाळलेले दगड. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ योशिहिको सिनोतो यांनी ते उकरून पुन्हा रचले. त्यात धनुर्विद्येचा चौथराही आहे. तिथे बाण मारणं हा सरदारांचा पवित्र खेळ होता, लढाईत धनुष्य वापरत नसत. आईंना तितिरोआ मराएपर्यंत फार चालावं लागणार नाही, पण दगड निसरडे असतात, बूट घाला.

गाडी मात्र आजच ठरवा. टॅक्स्या मोजक्या आहेत. आणि एक लक्षात ठेवा, जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही. तीनला धक्क्यावर या.

पपनस:
रविवारबद्दल. हो, बहुतेक दुकानं बंद. अननसाच्या रसाचा कारखाना, शेतकी शाळेतलं आइस्क्रीम, यांच्यावर रविवारी विसंबू नका. पण मी तर म्हणेन रविवारच बरा. टेंडरच्या धक्क्यापासून थोड्याच पावलांवर पापेतोआईचं अष्टकोनी चर्च आहे. १८२०च्या दशकात ते जुन्या मराएच्या जागी उभं राहिलं. रविवारी सकाळी गावातल्या बायका पांढऱ्या कपड्यांत, केवड्याच्या जातीच्या पानांच्या विणलेल्या टोप्या घालून येतात आणि 'हिमेने' गातात. वाद्य नाही. एक बाई उंच पट्टीत सुरुवात करते, पुरुष खालून घुमवत राहतात. अर्थ एक अक्षर कळला नाही, पण भजनात वाढलेल्या माणसाला ते उचलणं आणि झेलणं लगेच ओळखू येतं. मागच्या बाकावर बसा, खांदे झाकलेले असू द्या, फोटो नको.

बाबांचं जेवण. कच्चा मासा नारळाच्या दुधात, हा तिथला मुख्य पदार्थ, तो बाद. पण उरू म्हणजे आपला नीरफणस, भाजून किंवा तळून मिळतो. (ब्लाय या इंग्रज कप्तानाने बाउंटी जहाजावर याचीच रोपं नेली होती, १७८९चं खलाशांचं बंड त्या प्रवासातलं.) फाफा म्हणजे अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. दिसायला हुबेहूब फदफदं, पण त्यात बहुधा कोंबडी असते, विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका. रविवारी घरोघरी अहिमाआ लागतो, जमिनीत खड्डा, तापलेले दगड, वर केळीची पानं. पोपटीचा चुलतभाऊच. पाव सगळीकडे उत्तम. अननस आणि पपनस पोटभर खा. जहाजावरची फळं खाली नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातला चिवडा चालून जातो.

पैसे पॅसिफिक फ्रँकमध्ये. दर युरोला बांधलेला आहे, १००० फ्रँक म्हणजे ८.३८ युरो. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी थोडी रोकड ठेवा. टिप द्यायची पद्धत नाही.

खाडीवाला:
लेकीच्या शार्कसाठी वायव्य टोकाला, तिआहुराच्या बाजूला वाळूचा उथळ पट्टा आहे. बोटीने नेतात, कमरेएवढं पाणी. पाकटं पायाला घासून जातात आणि पाठीवरच्या पराचं टोक काळं असलेल्या मुश्या भोवती फिरतात. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं, म्हणजे पाकट आधीच बाजूला होतं. पाण्यातले बूट हवेतच. तिथे 'नोहू' नावाचा दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो. ओपुनोहू या नावाचा अर्थच 'नोहूचं पोट' असा सांगतात. बोटीला शिडी असते, आईंना झेपणार नाही.

आता बाबांचा प्रश्न, खरं तर त्यासाठीच लॉगिन केलं. त्यांना सांगा, पाऊणपट तिथे चालत नाही! आपल्याकडे पंचमीला पावणेचारची भरती, षष्ठीला साडेचारची, रोज पाऊण तास पुढे, कारण आपली भरती चंद्राची. समुद्रात काही ठिकाणं अशी आहेत की चंद्राची भरती त्यांच्याभोवती नुसती गोल फिरते, मध्याशी पाणी जवळपास हलत नाही. ताहिती आणि मोरेआ तशा एका ठिकाणाजवळ आहेत. उरते ती सूर्याची भरती, आणि सूर्य रोज त्याच वेळी डोक्यावर येतो. म्हणून तिथे अमावास्या असो की अष्टमी, भरती दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. फरकही फूटभरच. धक्क्यावर चढायला त्याने काही अडत नाही.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला विचारलं, तुला दोन तास सोडून आम्ही लेकीला घेऊन बोटीने गेलो तर चालेल का. म्हणाली, "मला ते मासे बघायचेच नाहीत, मला कुणी विचारलंच नाही. मी गाणं ऐकीन." तर चर्च आईबाबांचं, शार्क आमचे, आणि साडेबाराला सगळे मिळून गाडीने बेल्व्हेदेअर. गोल चक्कर रद्द. भवानीताई, माफी.

खाडीवाल्यांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "असं कधी असतं का?" आणि सकाळी बघते तर सामानात पंचांग आणि पांढऱ्या खडूचा तुकडा. धक्क्याच्या दगडावर पोचल्यावर, बाराला आणि निघताना अशा तीन खुणा करणार म्हणे. चर्चमध्ये आई एकटीच बसणार असं दिसतंय.

खाडीवाला:
ओल्या दगडावर खडू उमटत नाही. दोरीला गाठी मारून न्या म्हणावं. आणि टोपी.